पारख : कापडाची आणि विज्ञानाच्या पुस्तकांची

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त घाटकोपर येथे झालेल्या शिक्षण परिसंवादातील भाषणाचा मजकूर)

‘शाळेसाठी विज्ञानाची पुस्तके व साहित्य कसे निवडावे’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंत. विज्ञानाशी माझा संबंध एस.एस.सी.च्या परीक्षेबरोबर संपला. उभे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. प्रथम वडिलांबरोबर काळबादेवीच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये आणि पुढे घाटकोपरच्या दुकानात. परंतु शाळेच्या खरेदी समितीवर मी गेली अठरा वर्षे आहे आणि या काळात विज्ञानाच्या साहित्यावर झालेल्या खर्चाच्या बहुतेक बिलांवर माझी सही आहे. ज्याची सही, त्याने हिशोब द्यावा, असा व्यापारातील रिवाज आहे. आज मी तो हिशोब देण्यासाठी उभा आहे, आणि त्यात नफ्याबरोबर तोटाही सांगणार आहे.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या शाळेत विज्ञानाचे एक काचेचे कपाट होते. आत परीक्षानळ्या, लोहचुंबक, तराजू आणि एक लोलक दिसत असे. चार वर्षे मी ते कपाट बाहेरून पाहिले. ते उघडलेले मात्र एकदाच पाहिले, शाळा तपासणीच्या दिवशी. हे सांगण्याचे कारण असे, की पुढे मी समितीवर आल्यावर माझ्याच हातून तसेच एक कपाट उभे राहिले.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विक्रेत्याने आमच्या सभेत विज्ञानाच्या साहित्याचे प्रात्यक्षिक दाखविले. रंगीत प्रतिकृती, उघडझाप होणारे हृदय, विजेवर फिरणारी ग्रहमाला, चकचकीत पेट्या. आम्ही सगळे भारावून गेलो. सभेत एकही विज्ञान शिक्षक नव्हता. बोलावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. दात्यांकडे मीच गेलो, रक्कम जमविली, आणि कपाटावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली. उद्घाटन थाटात झाले. तीन वर्षांनी साठ्याची मोजदाद करण्यासाठी गेलो, तेव्हा निम्म्या पेट्यांची प्लास्टिकची वेष्टनेसुद्धा निघालेली नव्हती. ग्रहमालेची मोटार बंद पडली होती आणि तिचा सुटा भाग कोठेही मिळत नव्हता. मी जरा कठोर स्वरात विचारले, “बाई, हे वापरले का नाही?” त्या शांतपणे म्हणाल्या, “शेठजी, वर्गात साठ मुले आणि पेटी एक. मुलांच्या हाती दिली आणि काही मोडले, तर भरपाई कोण देणार? वस्तूंच्या यादीवर माझी सही आहे.”

मला उत्तर सुचले नाही. सही त्यांची होती आणि भीतीही त्यांचीच होती. निर्णय मात्र आमचा होता. दात्यांचा पैसा वाया गेला, याचे दुःख आहेच. त्याहून मोठे दुःख असे, की त्या तीन वर्षांत सातवी-आठवीच्या तीन तुकड्या तेच कपाट काचेबाहेरून पाहून शाळेतून बाहेर पडल्या. त्यांची ती वर्षे आपण परत देऊ शकत नाही.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारू लागलो. दुकानात मी एक थानही न पारखता घेत नाही. मग शाळेसाठी घेताना माझी पारख कोठे गेली? त्या प्रश्नातून जे सुचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक शंका दूर करतो. काही सभासद म्हणतात, “पाठ्यपुस्तके तर बालभारती देते, निवडायचे काय?” पुण्यातील पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. राज्य मंडळाच्या शाळांना तिची पुस्तके लागू असतात, हे खरे. परंतु पाठ्यपुस्तक हे साहित्यातील एक अंग झाले. पूरक पुस्तके, स्वाध्यायपुस्तिका, भिंतीवरचे तक्ते, प्रयोगाच्या पेट्या, सूक्ष्मदर्शक, डिजिटल फलक आणि त्यावरील चित्रफिती हे सर्व शाळाच निवडते. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पुस्तके बदलत आहेत, त्यामुळे विक्रेत्यांची ये-जा आणखी वाढेल. म्हणून पारखण्याची रीत आजच ठरविणे आवश्यक आहे.

कापड घेताना जुना गिऱ्हाईक पहिली गोष्ट कोणती करतो? दुकानातल्या दिव्याखाली तो रंगावर विश्वास ठेवत नाही. थान दाराशी, उजेडात नेतो. दुसरे, तो काठाचा एक धागा ओढून काडीने जाळून पाहतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी होतो. लोकर किंवा रेशीम जळाले तर केस जळाल्यासारखा वास येतो. लेबलावर काहीही छापलेले असो, धागा खोटे बोलत नाही. विज्ञानाच्या पुस्तकाचा धागा म्हणजे त्यातील प्रयोग. तो करून पाहिल्याशिवाय पुस्तक घेऊ नये.

याचे एक उदाहरण देतो. थाळीत पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती ठेवायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. अनेक पूरक पुस्तकांत याचे स्पष्टीकरण असे छापलेले असते, की ज्वलनात ऑक्सिजन संपला, तो हवेत एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढले. वाचायला किती नेटके वाटते! आमच्या विज्ञानाच्या बाईंनी हा प्रयोग समितीसमोर करून दाखविला. प्रथम एक मेणबत्ती, मग त्याच पेल्याखाली तीन. तीन मेणबत्त्यांना पाणी बरेच अधिक चढले. पेला तोच, त्यातील ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी अधिक का? शिवाय, मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू चढत नव्हते. ज्योत विझताच झपाट्याने चढले. खरे कारण मुख्यतः उष्णतेचे आहे. पेला पालथा घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते आणि तिच्यातील काही बाहेर निघून जाते. ज्योत विझली की आतील हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन पूर्ण संपण्यापूर्वीच मेणबत्ती विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. माझ्यासारख्या बी.कॉम. माणसालाही हे पाहून कळले. ते पुस्तक आम्ही घेतले नाही. खर्च किती झाला? तीन मेणबत्त्या आणि अर्धा तास.

असे कच्चे धागे आणखीही सापडतात. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा तक्त्यांवर असतो. प्रत्यक्षात जिभेच्या चवी ओळखणाऱ्या सर्व भागांवर सर्व चवी कळतात. साखर आणि लिंबू घेऊन कोणतेही मूल हे पडताळू शकते. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, असा समज पसरविणारी लांबुळकी कक्षा चित्रांत दिसते. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो’ हे वाक्यही असेच सर्रास छापले जाते. आपल्या मुंबईत सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, मेच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैमध्ये आभाळ ढगांनी भरलेले, म्हणून बिचाऱ्या मुलांना ते दिसतही नाही! परंतु गच्चीवर एक काठी उभी करून इतर महिन्यांत माध्यान्हीची सावली खडूने आखली, तर पुस्तकातील वाक्य खरे की खोटे, हे मुले स्वतः सांगतील.

पुस्तके न वाचताच पसंत करण्याचा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पाठ्यपुस्तक निवड आयोगावर होते. ते प्रत्येक पुस्तक स्वतः वाचत. एका मालिकेतील तिसरे पुस्तक वेळेत छापून न झाल्याने प्रकाशकाने मुखपृष्ठाच्या आत कोरी पाने घालून पाठविले होते. तरीही काही सदस्यांनी त्या कोऱ्या पुस्तकाला गुण दिले, तेही त्याच मालिकेतील इतर दोन पुस्तकांपेक्षा किंचित अधिक! हा किस्सा वाचून मी हसलो, आणि मग वेष्टन न निघालेल्या पेट्या आठवून हसू मावळले. फाइनमन यांचा दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. चावीची खेळणी कशामुळे चालते, या प्रश्नाला ‘ऊर्जेमुळे’ असे उत्तर देणाऱ्या पुस्तकावर त्यांचा आक्षेप होता. ‘ऊर्जा’ या जागी दुसरा कोणताही अर्थहीन शब्द घातला, तरी मुलाच्या ज्ञानात फरक पडत नाही. खेळणी उघडून आतील स्प्रिंग आणि दाते दाखविले, तर काही शिकणे झाले. उत्तम पुस्तक कोणते हे ठरविताना ही कसोटी मला फार उपयोगी पडली आहे.

ज्यांना हे परदेशी उदाहरण वाटेल, त्यांच्यासाठी आपल्या शेजारचे सांगतो. येथून जवळ मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत ते १९७४ मध्ये सुरू झाले. आरंभीची वर्षे त्याने नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत काढली. त्याचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : मुलांना विज्ञान अवघड जाते, की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा? पाठांतील आशय तोच ठेवून त्यांनी भाषा सोपी केली आणि महापालिकेच्या शाळांत तपासून पाहिले. मुलांची समज सुधारल्याचे आढळले. आपल्या शाळेला हे लागू पडते. आपल्या मुलांच्या घरी कोठे मराठी, कोठे गुजराती, कोठे मारवाडी. शाळेचे माध्यम इंग्रजी आणि बोलणे हिंदीत. मूल पाठ वाचते, त्यातील शब्द फळ्यावरून उतरवून घेते आणि परीक्षेत परत करते. मधे समजणे राहून जाते.

याच केंद्राने जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने प्राथमिक इयत्तांसाठी ‘हलकंफुलकं विज्ञान’ ही पुस्तकमाला तयार केली. तिच्यात पाठ्यपुस्तक, स्वाध्यायपुस्तक आणि शिक्षकांसाठी वेगळे पुस्तक आहे. प्रत्येक विक्रेत्याला आता मी तिसऱ्या प्रकारच्या पुस्तकाबद्दल विचारतो : शिक्षकासाठी काय दिले आहे? बहुतेक जण उत्तरांची यादी पुढे करतात. मुलांच्या मनात कोणते चुकीचे समज असतात, प्रयोग फसला तर काय करावे, हे सांगणारे पुस्तक क्वचित हाती येते.

आता पेट्यांकडे वळतो. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. खेड्यातील सरकारी शाळेतील मुले गटागटाने स्वतः प्रयोग करीत. पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत. पुढे एकलव्य संस्थेने तो उपक्रम शेकडो शाळांपर्यंत नेला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला, तरी त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. याच परंपरेतील अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून भूमितीचे आणि रेणूंचे नमुने बनविले. पुण्याच्या ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी देशभर पोचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कानजूर-भांडुपच्या फुटपाथवर मिळणाऱ्या वस्तूंत एक तासाचे विज्ञान मावते, हे त्यांच्यामुळे मला कळले.

येथे घसाऱ्याचा हिशोब आठवतो. समजा, दीड लाख रुपयांचा डिजिटल फलक घेतला आणि तो दहा वर्षे चालला; तर वर्षाला पंधरा हजार रुपये झाले. समजा, एक हातभिंग पन्नास रुपयांना पडते. तर तेवढ्याच रकमेत दरवर्षी तीनशे भिंगे येतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हाती एक. फलक वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्वालामुखी किंवा हृदयाची झडप वर्गात आणता येत नाही. तेथे चित्रफीत हवीच. पण जे मूल स्वतः हाताळू शकते, ते त्याला पडद्यावर दाखविणे म्हणजे गिऱ्हाइकाला कापडाऐवजी कापडाचा फोटो देणे होय. माझ्याकडे धागे मोजण्याचे एक जुने पितळी भिंग होते, वडिलांच्या काळचे. ते मी सहावीच्या वर्गाला दिले. मुलांनी रुमाल, ओढणी, शाळेचा गणवेश सगळे त्याखाली घातले. त्या तासाला मला शाळेत आल्याचे समाधान लाभले.

आता ज्या प्रसंगाविषयी बोलावे की न बोलावे असा मला प्रश्न होता, त्याकडे येतो. आपल्या अनेक घरांत आणि पाठशाळांत एक चित्र लावलेले असते : पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव, कॅप्टन स्कोर्सबी यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजलेले. माझ्याही घरी ते होते. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका ज्येष्ठ दात्यांनी त्याचा मोठा तक्ता करून शाळेच्या विज्ञान कक्षासाठी दिला. भावना निर्मळ होती. मीच तो भिंतीवर लावून घेतला. आठवड्याने विज्ञानाच्या बाई आल्या. म्हणाल्या, “शेठजी, मुलांनी नळाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना एकही जीव दिसला नाही. फुलदाणीतील आठवड्याच्या पाण्यात पुष्कळ दिसले. पण प्रत्येक थेंबात वेगळे. आता मुले विचारतात, तक्ता खरा की डोळे?”

बाईंनी शोध घेतला. विल्यम स्कोर्सबी (१७८९–१८५७) हे खरोखर होऊन गेले. ते इंग्रज दर्यावर्दी. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचे कप्तान आणि तितकेच चिकित्सक निरीक्षक. ग्रीनलंडजवळ समुद्राचा रंग पिवळसर-हिरवा दिसतो, तेथील पाण्याचा एक थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. चौकटी आखलेल्या काचेवर एका चौकटीत सरासरी ५० जीव भरले आणि तो थेंब ५२९ चौकटींवर पसरला होता, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मी व्यापारी माणूस. आकडा दिसला की बेरीज-गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. ५२९ गुणिले ५० म्हणजे २६,४५०. स्कोर्सबींच्या नोंदीतही तोच आकडा आहे. आपल्या तक्त्यावर ३६,४५०! कोठेतरी नक्कल करताना दोनाचे तीन झाले आणि ते तसेच छापत गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो थेंब जीवांनी रंगलेल्या ध्रुवीय समुद्रातील होता, घाटकोपरच्या नळाचा नव्हे.

हे मी दात्यांना सांगायला गेलो, तेव्हा माझे पाय जड झाले होते. ते प्रथम दुखावले. म्हणाले, “तुम्ही धर्मावर शंका घेता काय?” मी म्हणालो, “काका, कप्तानसाहेब जन्मण्याच्या कितीतरी शतके आधीपासून आपल्या घरच्या बायका गाळणे धरून पाणी गाळत होत्या. तो आचार या आकड्यावर उभा नाही. पण उद्या एखादा मुलगा हा आकडा चुकीचा आहे हे शोधून काढील, आणि तक्त्याबरोबर आचारावरचाही त्याचा विश्वास जाईल.” मग मी त्यांना दुसरी एक हकिगत सांगितली. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून पाणी गाळण्याची रीत तपासली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते. एकेकटा जिवाणू कापडातून सहज निघून जातो. पण पटकीचे जिवाणू पाण्यातील बारीक प्लवकांना चिकटून असतात आणि ते प्लवक घड्यांत अडकतात. नवीन साडीपेक्षा जुनी अधिक उपयोगी ठरते, कारण वापरून धुतलेल्या सुताचे तंतू सुटून विणीतील छिद्रे लहान होतात. हे ऐकून काका कापडाचे मर्म ओळखणाऱ्या माणसासारखे हसले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तक्ता उतरवा. त्या जागी माझ्याकडून दोन सूक्ष्मदर्शक लावा. पाटी नको.”

बंधू-भगिनींनो, इतकी वर्षे खरेदी समितीवर काढून मला जे कळले नव्हते, ते त्या एका वाक्याने कळले. जे आपल्या आवडीचे आहे, आपल्या बाजूचे वाटते, तेच अधिक कसून तपासावे लागते. न पटणारा माल आपण तसाही बारकाईने पाहतो. फसगत होते ती आवडलेल्या मालात.

सुवर्णमहोत्सवानिमित्त विज्ञान कक्षासाठी निधी जमत आहे. तो खर्च होण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने काही गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. खरेदी समितीवर दोन विज्ञान शिक्षक असावेत, आणि त्यांना नुसते बोलावणे नको, मताचा अधिकार असावा. कपडा कसा बसेल हे शिंपी जाणतो. त्याला न विचारता थान घेण्यात अर्थ नाही. कोणतेही साहित्य आधी एका तुकडीत एक सत्र वापरून पाहावे. नमुना दिल्याशिवाय मागणी नाही. विकत घेण्याचे पुस्तक वर्गातील दोन साधारण मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि “आता तुझ्या शब्दांत सांग” असे म्हणावे. भाषेची परीक्षा तेथेच होते. प्रत्येक तक्त्याखाली माहिती कोठून घेतली ते लिहिलेले असावे. ज्या शाळेने तेच साहित्य वर्षभर वापरले आहे, तेथे जाऊन पाहावे. पहिल्या धुण्यानंतर रंग टिकतो का, हे दुकानात कळत नसते.

आणि शेवटची विनंती, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक ‘मोडतोड खाते’ उघडावे. फुटलेल्या परीक्षानळ्या, संपलेला लिटमस कागद, बॅटरीचे सेल, हरवलेली भिंगे या सर्वांचा खर्च दरवर्षी त्यातून व्हावा आणि त्याबद्दल शिक्षकांना जाब विचारला जाऊ नये. ज्या वर्षी या खात्यात काहीच खर्च पडणार नाही, त्या वर्षी मात्र जाब विचारावा, कारण त्याचा अर्थ कपाट बंद होते. या खात्याला पाटी लावता येणार नाही, हे मी जाणतो. लिटमस कागदावर कोणाचे नाव कोरणार? तरीही काकांसारखे दाते आपल्या समाजात आहेत, असा माझा विश्वास आहे. या खात्यात पहिली रक्कम मी आज माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ अध्यक्ष महोदयांच्या स्वाधीन करीत आहे. त्या जुन्या कपाटासाठी ज्यांच्याकडून मी देणग्या आणल्या होत्या, त्यांची मी या व्यासपीठावरून क्षमा मागतो.

ते कपाट अजून शाळेत आहे. आता त्याला कुलूप नाही. आपण शाळेत याल, तेव्हा ते जरूर उघडून पाहावे, ही विनंती.